यात दाणे आहेत का?

अटलांटाहून ऑरलँडोला निघालं की दक्षिण जॉर्जियात आय-७५ महामार्गालगत अ‍ॅशबर्न नावाचं गाव लागतं. तिथे विटांच्या गोल खांबावर, मुकुटात बसवलेला एक अवाढव्य शेंगदाणा उभा आहे. २०१८ च्या मायकेल चक्रीवादळात तो कोसळला, पुढे गावाने तो पुन्हा उभा केला. अमेरिकेत पिकणाऱ्या शेंगदाण्यांपैकी निम्म्याच्या आसपास या एकट्या राज्यात होतात. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर इथलेच, शेंगदाण्याच्या शेतीतले. पुढे रस्त्याकडेला हाताने रंगवलेल्या पाट्या दिसू लागल्या, ‘बॉइल्ड पीनट्स’. मागच्या सीटवरून सासूबाईंनी पाटी वाचली. “अगं, उकडलेल्या शेंगा! आपल्यासारख्याच!” एवढं बोलून त्या थांबल्या. त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून त्यांचा नऊ वर्षांचा नातू, माझा मुलगा ईशान, झोपला होता. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, “उकडल्यावर तरी चालतं का गं त्याला?”

चालत नाही. उकडताना शेंगदाण्यातली काही प्रथिनं पाण्यात उतरतात हे खरं, पण उरतात तेवढीही ईशानला पुरेशी आहेत. भाजून, तळून किंवा कुटूनही धोका टळत नाही.

तो तीन वर्षांचा असताना एका लग्नात त्याने खमंग काकडीचे दोन घास खाल्ले. पाचेक मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली, मग श्वासाला घरघर लागली. दवाखाना जवळ होता म्हणून निभावलं. त्या पंगतीत वाढणाऱ्याला मी विचारलं होतं, “यात दाणे आहेत का?” तो म्हणाला, “नाही ताई.” तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या लेखी दाणे म्हणजे अख्खे दाणे, आणि कूट म्हणजे कूट. आपल्या स्वयंपाकात शेंगदाणा दिसतच नाही, तो कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, आमटीत विरून गेलेला असतो. माझा प्रश्नच अपुरा होता. पुढच्या तपासण्यांत काजू आणि पिस्त्याचीही ॲलर्जी निघाली. ही दोन्ही झाडं आंब्याच्याच कुळातली आणि एकमेकांची इतकी जवळची, की एकाची ॲलर्जी असलेल्याला बहुधा दुसऱ्याचीही असते.

तेव्हापासून आमच्या घरात बाहेरचं जेवण म्हणजे एक मोहीम असते. त्यामुळे अमेरिकेतल्या दिरांनी “या सुट्टीत ईशानला डिस्ने वर्ल्ड दाखवूया” असं म्हटलं, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर किल्ला किंवा पाळणे आलेच नाहीत. पाच दिवस, रोज तीन वेळा, परक्या देशातलं परक्या हातचं अन्न आलं. जावेने फोनवर सांगितलं, “वहिनी, ॲलर्जीची मुलं घेऊन लोक मुद्दाम तिथे जातात.” मला ते पटलं नाही. जाऊन आल्यावर पटलं, पण त्याला काही अटी आहेत आणि त्या सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

पहिली तयारी भाषेची. इंग्रजीत ‘नट्स’ म्हटलं की शेंगदाणा त्यात येईलच असं नाही. तो शेंगवर्गीय, जमिनीखाली येणारा. म्हणून ‘पीनट’ वेगळं सांगायचं, ‘ट्री नट’ वेगळं सांगायचं, आणि त्यातली काजू-पिस्ता ही नावं पुन्हा स्वतंत्र उच्चारायची. अमेरिकेत वेष्टनातल्या खाद्यपदार्थांवर मुख्य ॲलर्जीकारक घटक लिहिण्याचा कायदा २००४ चा. दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडा वर्ग, ट्री नट्स, शेंगदाणे, गहू, सोयाबीन असे आठ घटक त्यात होते. २०२१ च्या कायद्याने तीळ नववा झाला आणि १ जानेवारी २०२३ पासून तो छापणं बंधनकारक झालं. नारळ अनेक वर्षं तिथे ट्री नट्समध्येच धरला जायचा, २०२५ च्या जानेवारीत तो त्या यादीतून काढला गेला. कोकणातल्या वाचकाला याचं आश्चर्य वाटेल, पण जुनं पाकीट हातात आलं तर ‘ट्री नट: कोकोनट’ असं वाचून घाबरायला नको. दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवाव्यात. हा कायदा पाकिटांसाठी आहे, रेस्टॉरंटच्या ताटासाठी नाही. आणि ‘असू शकतात’ अशा अर्थाची जी सूचना पाकिटावर असते ती ऐच्छिक आहे. ती छापलेली नाही, म्हणून कारखान्यात त्याच यंत्रावर काजू फिरले नसतील असं समजू नये.

दुसरी तयारी औषधाची. अशा तीव्र रिअ‍ॅक्शनवर पहिलं औषध अ‍ॅड्रिनलिन. खाज थांबवणाऱ्या गोळ्या गांधी कमी करतात, पण श्वास वाचवत नाहीत. त्यांची वाट पाहण्यात वेळ जातो तोच जिवावर बेततो. अ‍ॅड्रिनलिनचं आपोआप टोचणारं पेन भारतात दुकानात सहज मिळत नाही, आम्हाला डॉक्टरांच्या मदतीने आधीपासून सोय करावी लागली. दोन पेनं, कायम सोबत, गाडीत कधीच ठेवायची नाहीत, कारण ती खोलीच्या तापमानात राहायला हवीत आणि फ्लोरिडात मे महिन्यात बंद गाडी म्हणजे भट्टी होते. त्यासाठी उष्णता अडवणारी छोटी पिशवी घेतली. सरावाचं, सुई नसलेलं पेन सगळ्यांच्या हातात दिलं. सासूबाईंनी ते लोडावर दहा वेळा चालवलं. निळी टोपी काढायची, केशरी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनही चालतं, दाबून तीन सेकंद धरायचं, मग ९११ ला फोन. मुलाला आडवं ठेवायचं, उठवून चालवायचं नाही. थोड्या मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरं पेन. उतार पडला तरी दवाखान्यात जायचंच, कारण काही तासांनी लक्षणं परत उसळू शकतात. अकराव्यांदा सासूबाईंनी न विचारता सगळं बरोबर केलं आणि म्हणाल्या, “आता मी त्याच्याजवळ एकटी बसले तरी चालेल.” त्या वाक्याने माझ्या मनावरचा केवढा भार उतरला, तो मला सांगता येणार नाही.

अटलांटा ते ऑरलँडो सुमारे ७०० किलोमीटर. वाटेत खाण्याचा प्रश्न डिस्नेपेक्षा अवघड निघाला. अमेरिकेतल्या दोन लोकप्रिय साखळ्या शेंगदाण्याच्या तेलात तळतात. चिक-फिल-ए कोंबडी तळायला ते वापरते, फाइव्ह गाइज बटाटे तळायला. अतिशुद्ध केलेल्या तेलात प्रथिनं जवळजवळ राहत नाहीत म्हणून कायदा अशा तेलाला ॲलर्जीकारक धरत नाही. आमच्या डॉक्टरांनी तरी तो धोका घेऊ नका म्हटलं, आणि आम्ही ऐकलं. वाटेत डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दाणे न घातलेला चुरमुऱ्याचा चिवडा खाल्ला.

डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ ला सुरू झालं. जागा शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास, त्यात चार मोठी उद्यानं. मॅजिक किंगडम पहिलं, मग १९८२ चं एपकॉट, १९८९ चं आज हॉलीवूड स्टुडिओज म्हणतात ते, आणि १९९८ चं अ‍ॅनिमल किंगडम. पाळण्यांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, मी ताटाबद्दलच लिहिते.

टेबलावर बसून जेवायच्या जागांचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तिथेच प्रत्येक माणसाच्या नावापुढे ॲलर्जी नोंदवता येते. पण ती नोंद म्हणजे सुरुवात. दारात सांगायचं, वाढायला येणाऱ्याला सांगायचं, आणि स्वयंपाकघरातलं माणूस बाहेर येईल का विचारायचं. पहिल्याच संध्याकाळी पांढऱ्या कोटातली एक शेफ आमच्या टेबलाशी आली, गुडघे वाकवून ईशानच्या उंचीला आली आणि तिने माझ्याशी नाही, त्याच्याशी बोलायला सुरुवात केली. तुला काय आवडतं, काय चालत नाही, शेवटचा त्रास कधी झाला होता. मग कोणता पदार्थ ती स्वतः वेगळ्या तव्यावर करेल आणि कोणता ती अजिबात देणार नाही, हे सांगितलं. सासूबाईंना इंग्रजी फारसं कळत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “ही वाढणारी नाही, करणारी आहे. म्हणून हिला माहीत आहे.” माझ्या सहा वर्षांच्या विचारपुशीतलं मर्म त्यांनी एका वाक्यात पकडलं. लग्नातल्या त्या वाढप्याने स्वयंपाक पाहिलाच नव्हता.

झटपट खाण्याच्या जागांची पद्धत वेगळी. काउंटरवर ॲलर्जीचं वेगळं मेनूकार्ड मागायचं. त्यात कोणाला काय चालेल तशी विभागणी असते. फोनवरच्या अ‍ॅपमधून मागवतानाही अनेक ठिकाणी तसा विभाग दिसतो. तिथूनच पदार्थ निवडावा, साध्या यादीतला तोच पदार्थ निवडला तर स्वयंपाकघराला इशारा जात नाही. आम्हाला सर्वांत सोपं गेलं ते अ‍ॅनिमल किंगडममधल्या पँडोरा भागातलं सातुली कँटीन. वाडग्यात तळाला भात किंवा बटाटा, वर कोंबडी किंवा टोफू, वरून सॉस, असं सुटं सुटं असल्याने काय कशात मिसळलं आहे हे विचारणं सोपं जातं. जेवण यायला इतरांपेक्षा वेळ लागतो. तो लागू द्यावा. मागे रांग आहे म्हणून मी पहिल्या दिवशी घाईने प्रश्न आटोपता घेतला आणि मग परत जाऊन विचारला. ज्या ठिकाणी सगळं एकाच कढईत तळतात तिथे ‘बटाट्यात दाणे नाहीत’ हे उत्तर पुरेसं नसतं. त्याच तेलात आधी काय तळलं, हा पुढचा प्रश्न असतो.

आपल्यातल्या शाकाहारी कुटुंबांना एक गोष्ट मुद्दाम सांगते. तिथल्या मेनूंवर पानाची खूण असते, म्हणजे मांस, दूध, अंडी, मध यांच्याशिवाय केलेला पदार्थ. सासूबाई निवांतपणे त्या खुणेवर बोट ठेवायच्या आणि ईशानलाही तेच मागवू म्हणायच्या. पण दुधाशिवायचं क्रीम आणि चीज करायला सर्रास वापरतात ते काजू. त्या पानाने प्राण्यापासून आलेलं काही नाही एवढंच कळतं, काजूबद्दल काहीच कळत नाही. ‘व्हेज आहे ना, मग खाऊ दे’ हे आपल्या जिभेवर बसलेलं वाक्य आम्ही त्या पाच दिवसांत मोडून काढलं.

भारतीय चव हवी म्हणून तिसऱ्या दिवशी अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधल्या सना या रेस्टॉरंटात गेलो. खिडकीबाहेर माळरान आणि त्यावर जिराफ, झेब्रे. आफ्रिकी पाककृतींना भारतीय मसाल्यांची जोड, आणि इथली प्रसिद्ध गोष्ट म्हणजे नान-कुलच्यांची टोपली आणि सोबत नऊ वाट्या. त्यात रायतं, आंब्याची, चिंचेची, कोथिंबिरीची चटणी, लसणाचं लोणचं. माझ्या छातीत सर्वांत जास्त धडधड इथे झाली. बर्गरमध्ये काजू अपवादाने असतो, पण भारतीय रश्श्यात तो नसला तरच नवल. आपल्या ओळखीचं अन्न आपल्याला सुरक्षित वाटतं आणि आपण प्रश्न कमी विचारतो, हे मी माझ्या घरच्यांतच पाहिलं आहे. शेफ आल्यावर आम्ही नऊच्या नऊ वाट्यांची नावं एकेक करून घेतली. ज्या वाटीबद्दल पूर्ण खात्री देता येत नसेल ती टेबलावर आणायचीच नाही असं ठरलं. मग आम्ही मोठ्यांनीही त्याच्यासाठी सुरक्षित तेवढंच खाल्लं, कारण नान तोडणारे हात आणि बुडवणारे चमचे एका टेबलावर फिरतातच. ईशानने चिंचेची चटणी चाटून संपवली आणि बराच वेळ झेब्र्यांकडे बघत बसला. जेवताना बाहेर बघण्याइतकी उसंत त्याला क्वचितच मिळते.

चूक एकदाच झाली. कुठे ते सांगत नाही. नोंद होती, शेफशी बोलणं झालं होतं, जेवण उत्तम झालं. शेवटी टेबलावरच्या सगळ्यांसाठी म्हणून मिठाईची एक तबकडी आली. आणणारा मुलगा दुसरा होता, त्याला काही सांगितलेलं नव्हतं. एका केकवर हिरवा चुरा होता. ईशानने हात मागे घेतला आणि म्हणाला, “आई, पिस्ता.” तबकडी परत गेली, माफी मागितली गेली, त्याच्यासाठी वेगळं आलं. त्या रात्री मला झोप आली नाही. जेवण सुरक्षित झालं की आपण सैल होतो, आणि चुका नेमक्या गोडाच्या वेळी, पाहुणचाराच्या वेळी होतात. पंगतीतही आग्रहाचा लाडू शेवटीच येतो.

झोप न येण्याला आणखी एक कारण होतं. २०२३ च्या ऑक्टोबरात डिस्ने स्प्रिंग्ज या दुकानं-उपाहारगृहांच्या भागातल्या एका रेस्टॉरंटात जेवल्यानंतर न्यूयॉर्कच्या एका डॉक्टर बाईंना तीव्र रिअ‍ॅक्शन आली आणि त्यात त्या गेल्या. त्यांना दूध आणि नट्सची ॲलर्जी होती. त्यांच्या पतीने लावलेल्या दाव्यात म्हटलं आहे, की दोघांनी पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली होती, आणि काही पदार्थ ॲलर्जीमुक्त असल्याची खूण सांगणाऱ्या झेंड्यांशिवाय आले तेव्हाही, ते ठीक आहेत असंच सांगितलं गेलं. ही हकिकत वाचून मी सहल रद्द करायला निघाले होते. शेवटी त्यातून दोन नियम केले. डिस्नेच्या जागेत असलेली सगळी रेस्टॉरंटं डिस्ने चालवत नाही. डिस्ने स्प्रिंग्जमधली पुष्कळ आणि उद्यानांतलीही काही बाहेरच्या कंपन्यांची आहेत, त्यांची पद्धत वेगळी असू शकते. तेव्हा ‘हे कोण चालवतं’ हा पहिला प्रश्न. आणि खूण यायला हवी होती पण आली नाही, तर ताटाला हात लावायचा नाही, कोणी कितीही गोड आश्वासन दिलं तरी. डिस्ने स्वतःही हमी देत नाही. स्वयंपाकघर सामाईक आहे, हे मेनूवर छापलेलं असतं. ते बारीक अक्षर वाचूनच खुर्चीत बसावं.

बुफेत चमचे एका भांड्यातून दुसऱ्यात जातात, म्हणून तिथे आतून वेगळं ताट मागायचं. साखर-दालचिनीत घोळलेले बदाम आणि पिकान विकणाऱ्या गाड्यांना वळसा घालायचा. आइस्क्रीमचा चमचा एकाच पाण्यात बुचकळत असेल तर तिथे न घेता पाकीटबंद घ्यायचं. आणि हात. रांगेत कठड्यांना हजारो हात लागतात, आणि आपण सगळे जंतुनाशक जेलच्या भरवशावर असतो. जेल जंतू मारतं, पण शेंगदाण्याची प्रथिनं तिथेच राहतात. ती साबण-पाण्याने किंवा ओल्या कागदी रुमालाने पुसूनच जातात. प्रत्येक घासाआधी ईशान आणि सासूबाई दोघंही आपापले हात पुसत, एकमेकांचे तपासत.

डिस्नेची एक सोय आम्हाला सर्वांत उपयोगी पडली, बाहेरचं खाणं आत नेता येतं. काचेचं भांडं नको, मद्य नको, आणि गरम करून द्या म्हणायचं नाही. रोज सकाळी जाऊ आणि मी भाड्याच्या घराच्या स्वयंपाकघरात मेथीचे ठेपले आणि दही-भात करून डब्यात भरायचो. एका वेळेला बाहेर, दोन वेळांना डबा, असा मेळ बसला. दुपारी हमखास विजा चमकून पाऊस यायचा, तेव्हा आडोशाला बसून आम्ही डबा उघडायचो. प्रत्येक उद्यानात प्रथमोपचार केंद्र आहे. ते कुठे आहे हे सकाळी आत शिरल्याबरोबर नकाशावर पाहून ठेवणं हे ईशानचं काम होतं, आणि त्याने ते एकदाही चुकवलं नाही.

परतीच्या वाटेवर जॉर्जियात पेट्रोलसाठी थांबलो, तिथे सँडविचचं एक छोटं दुकान होतं. ईशान म्हणाला, “मी विचारतो.” टाचा उंचावून त्याने काउंटरवर हात ठेवले आणि आपल्या अमेरिकी चुलत भावांकडून उचललेल्या उच्चारात म्हणाला, मला शेंगदाणा, काजू आणि पिस्त्याची ॲलर्जी आहे, हा पाव कुठे केला आहे आणि त्याच सुरीने दुसरं काही कापता का? काउंटरमागची मुलगी जेमतेम अठरा-एकोणीसची असेल. तिने पाकीट शोधलं, ते सापडलं नाही, मागे कोणाला हाक मारली, तिथे कोणी नव्हतं. मग ती म्हणाली, “सॉरी, मला माहीत नाही.”

“थँक यू,” ईशान म्हणाला आणि गाडीकडे परत आला. “आजी, डब्यात ठेपले उरलेत का गं?” तीन उरले होते. पुढचे पन्नास-साठ किलोमीटर तो ते एकेक करून खात होता, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेंगदाण्याची शेतं मागे पडत होती.